खरेदीला लागणारा वेळ

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

सुट्टीचे दोन दिवस खर्चात जातात आणि सोमवारी थकवा तसाच असतो, असं तू लिहिलंस. स्वतःला उधळं ठरवण्याआधी हे बघ. मोटारी बनवणाऱ्या अमेरिकेतल्या हेन्री फोर्डने १९२६मध्ये आपल्या कारखान्यांत पाच दिवसांचा आठवडा लागू केला. त्यामागचा हिशेब त्याने लपवला नव्हता: मोकळा वेळ मिळाला की माणसं जास्त कपडे घेतील, फिरतील, त्यांना मोटारीही लागतील. कामगारांनी सुट्टीसाठी लढे दिले, ते खरंच. पण मालकाच्या गळी ती उतरली, ती गिऱ्हाईक वाढेल म्हणून.

त्या काळी दुसरी वाटही होती. १९३०मध्ये कॉर्नफ्लेक्सवाल्या केलॉग कंपनीने अमेरिकेतल्या बॅटल क्रीकच्या कारखान्यात आठऐवजी सहा तासांची पाळी सुरू केली. त्याच वर्षी अर्थतज्ज्ञ केन्स म्हणाला, की शंभर वर्षांत आठवड्याला १५ तासांचं काम पुरेल. केलॉगच्या कामगारांना सुरुवातीला तो मोकळा वेळ आवडला. पुढे बहुतेकांनी वाढीव पगारासाठी आठ तास पत्करले आणि १९८५मध्ये सहा तासांची उरलीसुरली पाळीही संपली. त्यांना हावरट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपण रोज तेच करतो.

स्टाफान लिंडर या स्वीडिश अर्थतज्ज्ञाने १९७०मध्ये यातली मेख दाखवली. वस्तू वापरायलाही वेळ लागतो. मिळकत वाढते तशा वस्तू वाढतात. दिवस चोवीस तासांचाच राहतो. तुला हवा असलेला कॅमेराच घे. आधी दहा मॉडेलं पडताळायची, मग तो शिकायचा, लेन्स शोधायची, फोटो निवडायचे, साठवायचे. हे सगळं आवडीने करणार असशील तर खुशाल घे, हप्त्यावर मात्र नको. हप्ता फेडायला जादा काम घेशील आणि फोटो काढायचा वेळच त्यात जाईल.

माझं ऐकशील तर आठवड्यातली एक दुपार मोकळी सोड. सुरुवातीला कंटाळा येईल, येऊ दे. आणि त्या दुपारी फोनवरची ‘फुकट’ करमणूक धरू नकोस. तिथे जाहिरातदार पैसे मोजतो तो तुझ्याच वेळेसाठी.

तुझा,
काका