भर उन्हात पळायला अमोलेड स्क्रीनचं वॉच घेऊ की एमआयपी (मेमरी-इन-पिक्सेल) स्क्रीनचं? बॅटरी कुणाची जास्त टिकते?

भर उन्हात तासन्‌तास पळणार असाल तर सरळ एमआयपी घ्या, बॅटरीपण त्याचीच जास्त टिकते. कारण एमआयपी स्क्रीन वर पडलेलं ऊनच परत फेकते, त्यामुळे ऊन जितकं कडक तितके आकडे ठसठशीत, आणि प्रत्येक पिक्सेलला छोटीशी मेमरी असल्यामुळे चित्र धरून ठेवायला करंट नावापुरता लागतो. अमोलेडमध्ये पिक्सेल स्वतः पेटतो, उन्हात दिसायला ब्राइटनेस अजून चढवावा लागतो. घड्याळं बनवणाऱ्या गार्मिन कंपनीचेच आकडे बघा, जीपीएस चालू ठेवून फोररनर 255 (एमआयपी) 30 तासांपर्यंत, 265 (अमोलेड) 20. रोजच्या वापरात मात्र 14 दिवस आणि 13, फरक काहीच नाही असं वाटेल, पण ते 13 मनगट वळवल्यावरच स्क्रीन लागते त्या सेटिंगचे आहेत, ऑलवेज-ऑन (स्क्रीन सतत चालू) केलंत की बॅटरी धडाधड उतरते (दुकानात हे कोणी सांगत नाही). फक्त पहाटे अंधारात पळत असाल किंवा घड्याळ ऑफिसातही घालायचं असेल तर एमआयपी मरगळलेली दिसते, बॅकलाइट लावावा लागतो, तिथे अमोलेडच बरं, आणि तासाभराच्या रनला 20 काय नि 30 काय.