बाल्या नाचणारा पोरगा बर्लिनच्या क्लबात

प्रश्न : ताई नमस्कार. मी शृंगारतळीचा, ऑक्टोबरला मास्टर्ससाठी बर्लिनला चाललोय. गणपतीत आमच्या वाडीच्या जाखडीत, म्हणजे बाल्या नाचात, नाचतो, पायात चाळ बांधले की रात्र कुठे गेली कळत नाही. तिकडचे सीनियर सांगतात की क्लबच्या दारावरूनच परत पाठवतात, काळेच कपडे लागतात, आणि दारू घेत नसशील तर जाऊ नको. मी घेत नाही. मग जाऊ की नको? बाबा म्हणतात तो सगळा धिंगाणाच असतो.
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : जा रे, नक्की जा. मी तिकडे सहा वर्षं राहिले, आणि तुझ्यासारखं ज्याला रात्रभर नाचायची सवय आहे त्याला ते शहर लगेच आपलं वाटतं. आपल्याकडे कोकणात नमनाचा खेळ उभा राहिला की माणसं पहाटेपर्यंत हलत नाहीत ना, तिथे तर पश्चिम बर्लिनने रात्री दारं बंद करायची वेळच 1949 ला उठवली, त्यामुळे क्लबात खरी गर्दी होते ती मध्यरात्र उलटल्यावर, आणि बेर्गहाइन नावाच्या क्लबासारख्या ठिकाणी शनिवारी रात्री सुरू झालेलं सोमवारी सकाळपर्यंत चालतं. तू दहा वाजता जाऊन उभा राहू नकोस. संध्याकाळी जेव, झोप काढ, मग नीघ.

बाबांना एक गोष्ट सांग. 1989 ला भिंत पडली तेव्हा पूर्व भागात कितीतरी इमारती ओस पडलेल्या, मालक कोण तेच ठरेना, आणि पोरांनी तिथे स्पीकर लावले. ट्रेझॉर हा क्लब 1991 ला सुरू झाला तो एका जुन्या मोठ्या दुकानाच्या तळघरातल्या तिजोरीच्या खोलीत, नावाचा अर्थच तिजोरी. बेर्गहाइन 2004 पासून जुन्या वीजकेंद्रात आहे. आणि धिंगाणा म्हणाल तर 2016 ला तिथल्या कोर्टाने सांगितलं की बेर्गहाइनच्या तिकिटावर मैफिलीसारखा 7 टक्के कर लावा, 19 नाही, म्हणजे लोक तिथे संगीत ऐकायला येतात हे कोर्टाने मान्य केलं, आणि 2024 मध्ये बर्लिनचं टेक्नो, म्हणजे या क्लबांत वाजतं ते यंत्रावरचं ठेक्याचं संगीत, जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. आपल्या नमनाला, जाखडीला असा मान कधी मिळणार असं मला तेव्हा फार वाटलं.

दाराचं मात्र खरं आहे. मलाही एकदा दीड तास थंडीत उभं करून नुसती मान हलवून परत पाठवलं, कारण सांगत नाहीत, आणि रडू आलं होतं. रंग बघून कधीच अडवत नाहीत असं मी म्हणणार नाही, तसं घडल्याचं लोक सांगतात. पण पाच-सहा पोरांचा घोळका, आरडाओरडा, पिऊन आलेले, याला बहुतेक ठिकाणी नाहीच म्हणतात, तेव्हा एकटा नाहीतर दोघं जा, आज कोण वाजवणार आहे ते वाचून जा, ओळखपत्र ठेव, विचारलं तर शांतपणे उत्तर दे. काळे कपडे ही सक्ती नाही, पायात नाचता येतील असे बूट हवेत. नाही म्हणाले तर वाद घालू नकोस, दुसरीकडे जा, शहरात क्लबांना तोटा नाही. दारूचं कुणी विचारत नाही, मी तिथे पाणी पिऊनच नाचले. कानात बोळे मात्र घाल, तो आवाज आपल्या डीजेलाही मागे टाकतो.

टेक्नो नाही आवडलं तर क्लेअर्शेन्स बालहाउस बघ, 1913 चा जुना नाचाचा हॉल, तिथे जोडीने नाचतात आणि आजोबा-आजीही उतरतात. मला स्वतःला तोच जास्त आवडला.

प्रश्न : मुलगी बर्लिनला नोकरीला आहे. शनिवारी रात्री फोन उचलत नाही, रविवारी दुपारी म्हणते क्लबात होते. फोटो पाठव म्हटलं तर सांगते फोटो काढूक देत नाहीत. खोटं तर बोलत नसेल ना?
– एक आई, कुडाळ

उत्तर : वहिनी, खरं बोलतेय ती. तिथल्या बऱ्याच क्लबांत दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात, काढून फोटो घेतला तर बाहेर काढतात. आपला व्हिडिओ उद्या सगळीकडे फिरेल ही धास्ती नसली की बाईमाणूस मोकळी नाचते, हे मी स्वतः अनुभवलंय, आणि आपल्याकडे मुली वरातीत नाचायला का कचरतात तेही मला तिथेच कळलं.

काळजी वाटणारच. तिला एवढंच सांगा की ग्लास आपल्या हातातच ठेव, कुणी त्रास दिला तर तिथल्या कर्मचाऱ्यांना लगेच सांग, आणि निघताना एक मेसेज टाक. शुक्रवार-शनिवारी तिथली मेट्रो रात्रभर चालते, त्यामुळे घरी यायची अडचण नसते. आणि रविवारी सकाळी फोन नका करू हो, झोपू द्या तिला.