जमिनीची ‘धूप’ आणि डोंगराची ‘झीज’

अकोला जिल्ह्यातील एका खेड्यात भूगोल शिकवणाऱ्या ताईंनी विचारले आहे की, ‘झीज’ आणि ‘धूप’ हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का. कारण त्यांच्या एका विद्यार्थ्याने ‘जमिनीची धूप म्हणजे जमिनीला ऊन लागणे’ असे लिहिले.

आपल्या भागात हिंदी सतत कानावर पडते आणि हिंदीत धूप म्हणजे ऊन, त्यामुळे मुलाचा गोंधळ स्वाभाविक आहे. देवापुढे जाळतात तो धूप पुल्लिंगी. जमिनीची होते ती धूप स्त्रीलिंगी, आणि तिचे नाते ‘धुपणे’ या क्रियापदाशी आहे. ‘बांध धुपला’ असे शेतकरी म्हणतो तेव्हा पाण्याने माती सोबत नेली, हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘झीज’ तसे सांगत नाही. उंबरठा झिजतो, सहाण झिजते. उणे किती झाले ते दिसते, पण झिजलेले कुठे गेले ते त्या शब्दातून कळत नाही.

खडक जागच्या जागी फुटतो, कुजतो, त्याला ‘विदारण’ हाच शब्द हवा. पश्चिम विदर्भातील काळा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. नव्या विहिरीच्या खोदकामात मुरमात अडकलेला गोल धोंडा दिसला, तर त्याचे पापुद्रे कांद्यासारखे बोटांनी सुटतात. तेथे अजून काहीही वाहून गेलेले नाही, म्हणून त्याला धूप म्हणता येणार नाही. उताराचा भाग गुरुत्वाकर्षणाने खाली येतो, त्याला पाठ्यपुस्तकात ‘विस्तृत झीज’ म्हटले आहे. ही निवड मला पटत नाही, परंतु परीक्षेत तीच लिहावी लागेल.

मृदसंधारणातील शब्द मात्र अतिशय नेमके आहेत. फळाची साल काढावी तसा मातीचा पातळ थर जातो ती ‘सालकाढी धूप’, बोटभर रेषा उमटतात ती ‘ओघळपाडी’, आणि बैलजोडीला ओलांडता येणार नाही अशी चर पडते ती ‘घळपाडी’. पहिल्या जोरदार पावसानंतर कपाशीच्या शेताच्या खालच्या धुऱ्यावर मुलांना नेले, तर पहिल्या दोन्ही एकाच ठिकाणी दाखवता येतील. अतिवृष्टीच्या पंचनाम्यात ‘जमीन खरडून गेली’ असे लिहितात, ते एका रात्रीत झालेल्या नुकसानीला शोभते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या हानीला ‘धूप’च योग्य आहे.

तेव्हा मेळघाटाच्या डोंगरांची झीज होऊन पूर्णेच्या खोऱ्यात गाळ साचला, हे वाक्य बरोबर. आणि त्याच गाळाच्या शेतातील माती आज पावसाने जाते, ती धूप.