क्वांटायझेशन म्हणजे केवळ ऊर्जेचे तुकडे नव्हेत

क्वांटायझेशन म्हणजे ऊर्जा ठरावीक तुकड्यांतच मिळणे एवढेच असेल, तर गणितज्ञ त्यावर अजून डोके का खपवतात, असे आपण विचारले आहे. मॅक्स प्लांक यांनी १९०० मध्ये मांडलेली कल्पना तुकड्यांचीच होती. पण गणिती भौतिकशास्त्रात क्वांटायझेशन ही एक कृती आहे. एखाद्या प्रणालीचे न्यूटनच्या परंपरेतील वर्णन हाती असताना त्यावरून तिचे क्वांटम वर्णन कसे उभारायचे, ते ही कृती सांगते. तुकडे पडणे हा तिचा परिणाम आहे, आणि तोही नेहमी घडत नाही: स्प्रिंगला बांधलेल्या कणाची ऊर्जा पायऱ्यांनी वाढते, मोकळ्या कणाची मात्र कोणतीही धन किंमत घेऊ शकते.

जुन्या यामिकीत (मेकॅनिक्समध्ये) कणाचे स्थान आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) या साध्या संख्या असतात, त्यामुळे त्यांचा गुणाकार कोणत्याही क्रमाने केला तरी उत्तर एकच येते. क्वांटम यामिकीत त्यांच्या जागी क्रिया, म्हणजे ऑपरेटर, येतात. आणि आधी फोडणी की आधी पाणी यावर जसा पदार्थ बदलतो, तसे येथे क्रमावर उत्तर बदलते. दोन क्रमांतील हा फरक प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे क्वांटम जगाची मोजपट्टी ठरवणाऱ्या एका अतिशय लहान संख्येवरून, ठरतो. १९२५ मध्ये रविवारी फिरायला गेलेले भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांना जाणवले की, असे क्रमफरक जुन्या यामिकीतील पॉयसन कंसांशी, म्हणजे दोन राशींवरून तिसरी राशी काढण्याच्या एका ठरावीक गणिती रीतीशी, जुळतात. (ग्रंथालय बंद होते, त्यामुळे खातरजमा सोमवारी झाली.) त्यावरून नियम बसला: जुन्या कंसाच्या जागी योग्य गुणकासह क्रमफरक ठेवावा.

खरी अडचण येथूनच सुरू होते. स्थानाचा वर्ग गुणिले संवेगाचा वर्ग ही राशी घ्या. ती पॉयसन कंसाच्या रूपात दोन वेगळ्या प्रकारांनी लिहिता येते. जुन्या यामिकीत दोन्हींचे उत्तर एकच, परंतु डिरॅक यांचा नियम लावल्यावर दोन उत्तरांत अल्पसा, पण शून्य नसलेला फरक उरतो. सर्व बहुपदींना हा नियम तंतोतंत लागू पडूच शकत नाही, हे डच भौतिकशास्त्रज्ञ ग्रोनेवोल्ड यांनी १९४६ मध्ये दाखवले. पाठ्यपुस्तकांत ही अडचण सहसा भेटत नाही, कारण हायड्रोजनच्या अणूच्या ऊर्जेत स्थान आणि संवेग एकमेकांत मिसळतच नाहीत.

मग तडजोड करावी लागते. काही जण हा नियम निवडक, मोजक्याच राशींना लावतात. दुसरी वाट मला अधिक सुंदर वाटते: राशी तशाच ठेवून त्यांच्या गुणाकाराचा नियमच प्लांकच्या स्थिरांकाच्या घातांनुसार (तो स्थिरांक, त्याचा वर्ग, घन अशा क्रमाने) थोडा थोडा बदलत न्यायचा. पॉयसन कंस असलेल्या कोणत्याही गुळगुळीत अवकाशावर असा गुणाकार रचता येतो, हे गणितज्ञ माक्सिम कोंत्सेविच यांनी १९९७ मध्ये सिद्ध केले. मात्र त्यातून मिळणारी अनंत श्रेणी अभिसारी असेलच, म्हणजे तिची बेरीज एका ठरावीक किमतीला पोहोचेलच, याची हमी ती सिद्धता देत नाही.