शेवटच्या इनिंगचा माणूस

प्रश्न: माझा नातू न्यू जर्सीत असतो आणि सदानकदा रिव्हेराच्या ४२ नंबरचा टीशर्ट घालून फिरतो. मी आयुष्यभर क्रिकेट बघितलेला माणूस. बेसबॉलच्या मॅचच्या शेवटी येऊन १५-२० बॉल टाकून जाणाऱ्या पिचरला, म्हणजे त्यांच्या बॉलरला, एवढं मोठं का मानतात?
- एक वाचक, सांगली

उत्तर: काका, १५-२० बॉल हे खरंय, पण ते कुठले बॉल ते बघा ना. क्लोजर, म्हणजे मॅच संपवायला आणलेला पिचर, येतो तो बहुतेक नवव्या म्हणजे शेवटच्या इनिंगला, टीम एक-दोन, फार तर तीन रनांनी पुढे असते, आणि ती आघाडी राखून त्याने मॅच संपवली की त्याच्या नावावर एक सेव्ह लागतो. मारियानो रिव्हेराचे असे ६५२ सेव्ह आहेत, सगळे न्यूयॉर्क यांकीजकडून, आणि इतके दुसऱ्या कुणाचेच नाहीत.

पनामातल्या पोर्तो कायमितो नावाच्या कोळ्यांच्या गावातला हा पोरगा, लहानपणी दुधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा ग्लोव्ह करून खेळायचा, पुढे वडिलांच्या मासेमारीच्या बोटीवर कामाला होता. १९९७ च्या जूनमध्ये टीममधल्या रामिरो मेंडोझाबरोबर नुसतं कॅच-कॅच करताना त्याचा फास्टबॉल आपोआप शेवटच्या क्षणी वळायला लागला, मेंडोझाला पकडता येईना. तो सरळ करायचा कोचने आणि त्याने बराच प्रयत्न केला, जमलं नाही, मग तोच ठेवला. हाच तो कटर, आपल्याकडच्या लेग कटरसारखा पण फुलटॉस, ताशी १५० किलोमीटरच्या आसपास, डावखुऱ्याच्या अंगात घुसून बॅटच्या मुठीपाशी लागायचा आणि बॅट तुटायची. सगळ्यांना माहीत असायचं काय येणार आहे, तरी मारता यायचं नाही. २०१३ ला रिटायर होताना मिनेसोटाच्या टीमने त्याला तुटलेल्या बॅटींची खुर्ची करून दिली!

एरवी तो नऊ इनिंगमागे सरासरी २.२१ रन द्यायचा, तेच प्लेऑफमध्ये, जिथे भल्याभल्यांचे हात थरथरतात, फक्त ०.७०, तेही १४१ इनिंगमध्ये.

पण मला तो सगळ्यात मोठा वाटतो तो हरलेल्या मॅचमुळे. २००१ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे सात मॅचची फायनल, तिची सातवी मॅच, ॲरिझोनाविरुद्ध २-१ पुढे असताना त्याचा एक थ्रो चुकला, मग लुईस गोन्झालेझची बॅट तुटूनही बॉल फिल्डरच्या डोक्यावरून पडला आणि वर्ल्ड सिरीज गेली. असल्या पराभवानंतर कित्येक जण संपतात हो, हा २००३ ला प्लेऑफमध्ये बोस्टनविरुद्ध सातव्याच मॅचला सलग तीन इनिंग एकही रन न देता टाकून गेला, आणि २०१२ ला गुडघ्याचं लिगामेंट फाटल्यावर ४३ व्या वर्षी परत येऊन ४४ सेव्ह केले. २०१९ ला हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी, ४२५ पैकी ४२५ मतं पडली, असं एकमत त्याआधी कुणाबद्दलच झालं नव्हतं.

४२ हा नंबर अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये वर्णभेदाची भिंत तोडणाऱ्या कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सनच्या सन्मानार्थ १९९७ ला सगळ्याच टीम्सनी बंद केला, ज्यांच्याकडे आधीपासून होता त्यांनाच ठेवू दिला, आणि त्यातला शेवटचा रिव्हेरा. नातवाबरोबर बसून २६ सप्टेंबर २०१३ ची क्लिप बघा, त्याला मैदानातून बाहेर न्यायला कोच नाही, जीटर आणि पेटिट हे त्याचे जुने साथीदार चालत येतात, आणि तो पेटिटच्या खांद्यावर डोकं ठेवून रडतो, बराच वेळ.