पद्मिनी पूर्ण खोलायला देऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांची १९८३ची प्रीमियर पद्मिनी कोल्हापूरजवळ कागलच्या बाजूला शेतातल्या शेडमध्ये सात-आठ वर्षं उभी आहे, शेडला लागून गोठा, आजोबा आता नाहीत, हाताशी दीड लाख आहेत, आणि गॅरेजवाला म्हणतोय, "पूर्ण खोलतो, रंग उतरवतो, शोरूमसारखी करून देतो." द्यावी का? देऊ नका. निदान आत्ता तरी नको.

गाडी खोलायला काही लागत नाही. दोन पोरं दोन दिवसांत तिचा सांगाडा करून ठेवतात. मग आतली सड दिसते, अंदाज दुप्पट होतो, तुमचे पैसे मध्येच संपतात, मिस्त्रीला रोजच्या गिऱ्हाइकांची घाई असते आणि तुमची गाडी मागच्या भिंतीला ताडपत्रीखाली जाते. काचेच्या पट्ट्या, दाराच्या कड्या, डॅशबोर्डचे स्क्रू एका पोत्यात भरलेले, आणि वर्षभराने ते पोतं कुठं गेलं ते कुणालाच सांगता येत नाही. अशा अर्धवट गाडीला कुणीही भंगाराचाच भाव करतं. म्हणून आधी गाडी चालती करा, मग चालती ठेवून एकेक काम उरका. दोन-तीन वर्षं लागतील, लागू देत.

पण पाना उचलायच्या आधी कागद बघा. गाडी आजोबांच्या नावावर आहे, म्हणजे वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ भरावा लागेल. बाकीच्या वारसांची लेखी संमती आत्ताच घ्या. काका-आत्यांना अशी गाडी रंग झाल्यावरच आठवते. नोंदणीची मुदत संपली असणार, तिच्या नूतनीकरणाला फॉर्म २५. गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते, तेव्हा ब्रेक, दिवे, हॉर्न सगळं चालू हवं. १५ वर्षांवरच्या खासगी मोटारीची ही फी २०२२ मध्ये ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनं २० वर्षांवरच्या मोटारीला १०,००० केली. उशिरासाठी महिन्याला ५०० रुपयांची तरतूद आहे, राज्याचा पर्यावरण कर वेगळा. सात-आठ वर्षं बंद गाडीला हा आकडा चांगलाच फुगतो, तेव्हा आरटीओतून तो काढून आणा आणि दीड लाखातून आधी वजा करा. "विंटेजमध्ये घालू, सगळं माफ होतंय" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. २०२१ च्या नियमांत विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी. तुमची २०३३ पर्यंत त्यात बसत नाही, आणि बसली तरी त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही.

आता पत्रा. सगळा निकाल इथंच लागतो.

पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याचा डबा हीच तिची हाडं. त्यामुळे बाहेरून दिसणारा गंज एक वेळ परवडतो, खालचा नाही. शेडमध्ये जाताना एक लोहचुंबक आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर न्या. चुंबकाला पातळ फडकं गुंडाळा आणि दारांच्या खालच्या पट्टीवरून, म्हणजे सिलवरून, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत हळूहळू सरकवत न्या. जिथं तो धरत नाही तिथं पत्रा नाही, लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरलेली आहे. मग आतली मॅटिंग उचला. खालचं जुनं फेल्ट ओलं किंवा कुजलेलं असेल तर ते ओढून फेकून द्या आणि फ्लोअरवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. बद्द वाजला तिथं टोक दाबून बघा, आरपार गेलं तर खडूनं खूण करा. मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथं बॉडीला अडकवलेत त्या जागा, पुढच्या शॉकअॅब्जॉर्बरच्या वरचा भाग आणि डिकीतली स्टेपनीची जागा, एवढं बघितलं की चित्र स्पष्ट होतं.

गोठ्याचा मुद्दा लोक सोडून देतात, म्हणून मुद्दाम लिहितो. जनावरांच्या मुतातून अमोनिया सुटतो, आणि तांबं-पितळ अमोनियापुढं टिकत नाही. रेडिएटरची जाळी, कार्बोरेटरचे जेट, वायरिंगची टोकं बाहेरून ठीक दिसली तरी ठिसूळ झालेली असू शकतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शेडमध्ये पाणी आलं होतं का तेही शेजारी विचारा. (कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे आणि दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं होतं. त्यात बुडालेल्या किती गाड्या नंतर धुऊनपुसून विकल्या गेल्या असतील देव जाणे.) दाराच्या आतलं कव्हर काढलं की तळाशी बारीक गाळ बसलेला दिसतो. तो पाण्यानं धुऊन जात नाही.

दोन्ही सिल आणि पाट्यांच्या जागा चांगल्या असतील, फ्लोअरला चार-सहा भोकं असतील, तर दीड लाखात काम होईल. दोन्हीकडचे सिल आणि पाट्यांच्या जागा गेल्या असतील तर मी स्पष्टच सांगतो, एवढ्यात होणार नाही. तेव्हा चांगल्या पत्र्याची, इंजिन बंद असलेली दुसरी पद्मिनी शोधणं स्वस्त पडतं. आजोबांच्या गाडीवर जीव आहे हे कळतं, पण त्यासाठी कर्ज काढू नका.

पत्र्याचं काम देताना दोन गोष्टी लेखी ठरवा. सडका पत्रा कापून नवीन जोडायचा, सडक्यावर चढवायचा नाही; चढवलेल्या पत्र्याच्या आत पाणी थांबतं आणि दोन पावसाळ्यांत गंज वर येतो. दुसरं, वेल्डिंग सीओटूचं, म्हणजे विजेवर तारेनं होणारं, हवं. गॅसच्या ज्योतीनं पातळ पत्रा लाटा आल्यासारखा वाकतो आणि मग तो लांबीनं झाकायची वेळ येते. सिल कापायच्या आधी गाडी खालून सगळीकडं सारखी टेकवून दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाके मारून बसवायला सांगा. हे नाही केलं तर मधून गाडी बसते, नंतर दारं लागत नाहीत, आणि मिस्त्री बिजागरीवर हातोडा घालून "ॲडजस्ट" करतो. सिलच्या तळाला पाणी निघायची भोकं असतात, ती बुजवू देऊ नका. काम झालं की आतून पातळ मेणाचं गंजरोधक मारून घ्या.

इंजिन त्यामानानं सोपं. १०८९ सीसी, चार सिलिंडर, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. मूळ फियाट ११०० चं. ते समजणारी माणसं अजून आहेत आणि कोल्हापूरला तर यंत्रकामाची वाणच नाही. म्हादबा मेस्त्री या इथल्या नावाजलेल्या कारागिराच्या काळापासून इथं इंजिनं ओतली आणि घडवली जातात. उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका फेरीत क्रँक ग्राइंडिंग, बोअर, हेड फेसिंग, ड्रम टर्निंग सगळं होतं. मुंबई-पुण्याचे लोक याच कामांना आठवडे घालवतात.

सात-आठ वर्षं बंद इंजिनाला थेट सेल्फ मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल सारखं मिसळून ओता आणि चार-पाच दिवस विसरून जा. मग प्लग न लावता चौथ्या गिअरमध्ये गाडी हातानं मागं-पुढं ढकला. फिरली तर जुनं ऑइल काढा, नवीन भरा, आणि प्लगशिवायच सेल्फ देऊन ऑइलचं प्रेशर येतंय का बघा. त्यानंतर चालू करा. गरम झाल्यावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. वाढला तर रिंगा गेल्यात, तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह. हा एवढा तपास न करता "इंजिन हाफ करूया" (अर्धं खोलून दुरुस्त करूया) म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणा.

बोअर करायची, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे करायची, वेळ आलीच तर ओव्हरसाईज पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक लेथवाल्याकडं टाकू नका. उद्यमनगरातले एक जुने मिस्त्री म्हणायचे, "पिस्टन आण आधी, मग बोअर मारतो. न्हाईतर पाय न बघता पायताण बांधल्यागत व्हतंय." पद्मिनीचे सुटे भाग आता वाटेल त्या मापात मिळत नाहीत. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, आणि टॅक्सीवाल्यांच्या जिवावर चालणारा सुट्या भागांचा बाजार तेव्हापासून आटतोय. कुर्ला-चोरबाजारात अजून माल निघतो, पण फोटोवर विश्वास ठेवून पैसे पाठवू नका, आणि जुन्या स्टॉकचं रबर तर फुकटसुद्धा नको. डब्यात राहूनही ते कडक होतं.

ऑइल साधं २०डब्ल्यू-५० मिनरल. महागडं पातळ सिंथेटिक या इंजिनाला नको, जुन्या सीलमधून गळतं.

पेट्रोलचा विषय मात्र बदललाय. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं, आणि त्यातलं बरंचसं आपल्याच साखर कारखान्यांतून गेलेलं. १९८३ च्या रबराला ते मानवत नाही. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायाफ्राम, कार्बोरेटरची गॅस्केटं, सगळे पाइप एकदाच बदला. पाइप घेताना त्यावर "एसएई जे३० आर९" छापलेलं बघा. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून टाकी अर्धी ठेवून गाडी महिनाभर उभी करू नका, आतून गंजते. आत्ताची टाकी तर उतरवूनच साफ करावी लागेल. तिला भोक असेल तर रिकाम्या टाकीलासुद्धा कुणाला वेल्डिंगचा टॉर्च लावू देऊ नका. आतल्या वाफेचा स्फोट होऊन माणसं गेली आहेत. टाकीची दुरुस्ती रोज तेच करणाऱ्याकडंच द्या.

इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं आहे, एकदा जरी गाडी चांगली तापली तरी वाकतं. म्हणून रेडिएटर रॉडिंग (नळ्या आतून साफ करणं), सगळे होज, पंखापट्टा आणि वॉटर पंप हे काम इंजिन बरं वाटलं तरी करून घ्या. गगनबावड्याचा किंवा आंब्याचा घाट चढताना तापमानाचा काटा वर जायला लागला तर थांबा. इंजिन बंद न करता जागेवर थोडं चालू ठेवा, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

ब्रेकवर कंजूषी नको. चारही चाकांना ड्रम आहेत, घाट उतरताना सतत पाय ठेवला की तापून दम सोडतात. चढताना जो गिअर लागला तोच उतरताना ठेवा. सगळे व्हील सिलिंडर खोलून बघा; आत खड्डे पडले असतील आणि नवीन चांगला मिळत नसेल तर लेथवर स्टीलची स्लीव्ह घालून मूळ सिलिंडरच वाचवता येतो, नकली नव्या मालापेक्षा हा जास्त टिकतो. मास्टर सिलिंडर सिंगल सर्किटचा असेल तर एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो, तेव्हा लोखंडी पाइपही बदला. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालो न चालो. टायरवर नक्षी किती राहिलीय ते बघू नका. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. शेडमधले टायर गाडी ढकलण्यापुरते ठेवा, रस्त्यावर नवेच.

वायरिंग उंदरांनी खाल्लेलंच असणार. पूर्ण नवीन लूम (वायरींचा जुडगा) घालायची घाई नको. कुरतडलेला भाग बदला, इंजिन ते बॉडी अर्थ नवीन टाका, हेडलाइटला रिले बसवा म्हणजे जुन्या स्विचवरचा भार जातो, आणि बॅटरीला कट-ऑफ लावा. अल्टरनेटरऐवजी जुना डायनॅमो असेल तर आयडलला चार्जिंग होत नाही, रात्री सिग्नलला दिवे मंद होतात. तो बिघाड नाही.

रंग शेवटी, आणि पावसाळ्यात अजिबात नाही. आपल्याकडच्या जुलैच्या हवेत मारलेला रंग पांढुरका पडतो. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ घ्या. उघड्या पत्र्यावर आधी एपॉक्सी प्रायमर, मग लागली तर लांबी. दसऱ्याला कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार बघून घरी आलं की आपलीही तशीच चमकावी असं वाटतं, मलाही वाटतं. पण पहिली दोन वर्षं उडालेल्या रंगाची, ब्रेक नीट लागणारी पद्मिनी चालवा. कुठून पाणी येतं, कुठं खडखडतं ते तोवर कळतं आणि नवीन रंग खरवडायची वेळ येत नाही.

पैशाची वाटणी मी अशी केली असती. आरटीओचे पैसे बाजूला काढल्यावर उरलेल्याचे साधारण तीन भाग. एक भाग ब्रेक, टायर आणि पुढच्या चाकांची कामं. एक भाग पत्रा. तिसऱ्यातून पेट्रोल, कूलिंग, वायरिंग, आणि जे उरेल त्याला हात लावायचा नाही. मजुरी दर आठवड्याला झालेल्या कामापुरती द्या, सगळी एकदम देऊ नका. बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्या, फेकू नका. मूळचा भाग दुरुस्त होऊ शकतो, नकली होत नाही.

शेडमध्ये जाऊन चुंबकाची तपासणी करून या आणि दोन्ही सिल, पाट्यांच्या जागा, मॅटिंग काढलेलं फ्लोअर यांचे फोटो टाका. इंजिन हातानं फिरतंय का तेही लिहा. त्यावरून पुढचं सांगतो.