संगीत नाटकाचं पहिलं पोस्टर करताय?

पहिलं पोस्टर फसलं तर खचू नका, माझंही फसलं होतं. सगळ्यांचा मान राखायचा म्हणून अकरा चेहरे कोंबले. नाटकाचं नाव मात्र रस्त्यापलीकडून वाचता येईना.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- एकच चित्र. १९८१ साली लंडनच्या रंगभूमीवर आलेल्या 'कॅट्स'चं पोस्टर बघा: काळ्यावर दोन पिवळे डोळे, बाहुल्यांच्या जागी नाचणाऱ्या आकृती. ना नट, ना अख्खं मांजर! 'ले मिझराब्ल' या संगीत नाटकाच्या पोस्टरवरची लहान मुलगी, कोझेत, तर फ्रेंच चित्रकार एमिल बायारच्या जुन्या रेखाचित्रातली. मूळ चित्रात ती अंगापेक्षा मोठा झाडू धरून उभी आहे; पोस्टरवर झाडू गेला, चेहरा राहिला. काय कापायचं ते इथे शिका.
- तंबोरा-घुंगरू टाकले की 'संगीत' दिसतं, हा गैरसमज. (गाण्याच्या क्लासची जाहिरात वाटते.)
- फॉन्ट दोनच. देवनागरीत खालचे उकार आणि वरच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात, ओळींत जागा सोडा.

निर्माते "अजून एक फोटो" म्हणतीलच. तेव्हा नमुना भिंतीला लावा आणि दहा पावलं मागून त्यांनाच वाचायला सांगा. छपाईचे बारकावे नंतर. कच्चं चित्र पाठवा, बघतो.